सीमाभागातील अभ्यासदौरा : बनगाव की कूचबिहार?

प्रश्न – मेधा, पुणे
आमच्या महाविद्यालयातील समाजशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाचा अभ्यासदौरा जानेवारीत भारत-बांगलादेश सीमेवर नेण्याचे घाटत आहे. स्थलांतर आणि नागरिकत्व या विषयांवर विद्यार्थी हिरिरीने वाद घालतात. परंतु ४,०९६ किलोमीटर लांबीच्या या सीमेलगतच्या माणसाचा दिवस कसा जातो, याची कल्पना पुण्यात बसून येत नाही. आझाद हिंद एक्स्प्रेसने हावड्यापर्यंत जाण्याचे ठरले आहे. पुढे बनगाव गाठावे की उत्तरेला कूचबिहारकडे वळावे? लोकांशी बोलताना कोणती पथ्ये पाळावीत, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर – श्रीनिवास
मेधाताई, बनगाव सोयीचे आहे, सियालदहहून लोकल मिळते. मात्र तिथल्या सीमेवरील पेट्रापोलच्या नाक्यावर मुख्यतः मालाचे ट्रक आणि रीतसर कागदपत्रे असलेले प्रवासी दिसतील. आपल्या विषयासाठी कूचबिहारच योग्य. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री तेथील छिटमहलांची, म्हणजे एका देशाच्या भूमीने पूर्ण वेढलेल्या दुसऱ्या देशाच्या तुकड्यांची, अदलाबदल झाली : बांगलादेशाने वेढलेली १११ भारतीय छिटमहले त्या देशात गेली, तर भारताने वेढलेली ५१ आपल्याकडे आली आणि त्यांतील १४ हजारांहून अधिक माणसे स्वतःच्या घरातून न हलता भारतीय नागरिक झाली. त्याआधी मुलाला शाळेत घालायचे तर शेजारच्या भारतीय गावातील कुणाला तरी कागदोपत्री बाप करावे लागे. पलीकडच्या छिटमहलांतून भारत निवडून आलेली कुटुंबे दिनहाटा, मेखलीगंज आणि हल्दीबाडी येथील छावण्यांत उतरली. त्यांना जरूर भेटा.

उत्तर – अंजली
श्रीनिवासरावांशी मी सहमत आहे, परंतु कुंपणही पाहावे. ते प्रत्यक्ष सीमारेषेवर नसून बहुतेक ठिकाणी सुमारे १५० यार्ड आत आहे, त्यामुळे कित्येक भारतीय शेतकऱ्यांची जमीन, कुठे कुठे तर घरेही, तारेपलीकडे राहिली आहेत. शेतकरी फाटकावर सीमा सुरक्षा दलाच्या जवानाकडे ओळखपत्र जमा करतो आणि ठरलेल्या वेळी फाटक बंद होण्यापूर्वी परततो. रात्री पिकात जनावरे शिरली तरी त्याला जाता येत नाही. ताग उंच वाढतो, नजर अडते, म्हणून तो लावण्यावरही हरकत घेतली जाते. शेतीचे असे प्रश्न विचारले की लोक मोकळे होतात.

"तुम्ही इकडे कधी आलात?" हा प्रश्न मात्र विद्यार्थ्यांना कटाक्षाने टाळायला सांगा. शेजारच्या आसामात ३१ ऑगस्ट २०१९ च्या अंतिम नागरिक नोंदणीतून १९ लाख ६ हजार ६५७ अर्जदार वगळले गेले. अशा प्रदेशात अनोळखी माणूस वही उघडून नाव-गाव लिहू लागला, तर कुणाच्याही पोटात गोळा येणारच. कागदपत्रे पाहायला मागू नयेत, छायाचित्रे घेऊ नयेत आणि टिपणांत खरी नावे लिहू नयेत. जिल्हाधिकारी आणि सीमा सुरक्षा दल या दोघांनाही महाविद्यालयाच्या पत्राने आधीच कळवावे, मात्र मुलाखतीच्या वेळी सोबत गणवेशधारी कुणी नसावे, असा आग्रह धरावा. जवान शेजारी उभा असताना मिळालेले उत्तर अभ्यासाच्या कामाचे नसते.

उत्तर – विदर्भवासी
मुलांना आधी आपल्याच राज्यात का नेत नाही? पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना १९६० च्या दशकात तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात वसवले गेले. त्यांची गावे आज गडचिरोलीच्या मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत आहेत. त्यांच्याशी मराठीत बोलता येईल, प्रश्न कसे विचारावेत याचा सराव होईल आणि चुकलेच तर ते सांभाळून घेतील. तेवढी सवड नसेल, तर फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची पिंपरीतील वसाहत पुण्याच्या दारातच आहे.

मेधा, पुणे
सर्वांचे मनापासून आभार. कूचबिहार निश्चित करते आणि त्याआधी मुलचेऱ्याचा मुक्काम सुचवते. कोलकात्याहून दुभाषी घेतल्यास चालेल ना?

अंजली
शक्यतो कूचबिहारमधलाच घ्यावा. त्या भागात घरोघरी राजबंशी बोलली जाते आणि शहरी बंगाली ऐकताच वयस्क माणसे एखाद्या साहेबाला द्यावीत तशी उत्तरे देतात.