पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या) खतढिगाला तीन महिने झाले, काडी अजून कडकच. ट्रायकोडर्मा (काडीकचरा कुजवणारी बुरशी) कमी पडला का?

धुऱ्याकाठ (घाटंजी, यवतमाळ)
वाळलेली पऱ्हाटी अंदाजे 1 टन, हातभर तुकडे करून रचली आहे. पहिल्याच दिवशी 1 किलो ट्रायकोडर्मा पावडर, 10 किलो युरिया आणि शेणकाला असं सगळं एकदम टाकलं. चौथ्या दिवशी ढीग इतका तापला की आत हात ठेववत नव्हता. आता साल सुटली आहे, पण आतली काडी मोडली की कडकन वाजते. ढिगात मर लागलेल्या तुराट्याही थोड्या आहेत. धिंगरी (ऑयस्टर) अळिंबीच्या तोडा संपलेल्या पिशव्या पडून आहेत, त्या मिसळल्या तर चालेल का? आणि ट्रायकोडर्मा परत टाकायचा तर किती?

बुरशी_प्रयोगशाळा
भाऊ, प्रमाण ठीक होतं, वेळ चुकली. ढीग 55 ते 60 अंशांवर जातो आणि ट्रायकोडर्माची वाढ 40 च्या आसपासच थांबते. चौथ्या दिवशी तुमची बहुतेक पावडर शिजून गेली. आधी ढीग तापू द्यायचा, एकदा पलटी मारायची आणि आत हात सहज ठेवता आला की मग पावडर टाकायची.

दुसरं कारण मोठं आहे. ट्रायकोडर्माचं हत्यार म्हणजे सेल्युलेज, सेल्युलोज फोडणारं विकर (एन्झाइम). दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचं सुती तंबूंचं कापड कुजत होतं, त्यातून ट्रायकोडर्मा रीसी ही बुरशी वेगळी केली गेली. सेल्युलेजच्या कारखान्यांत आज तिचेच सुधारलेले वाण चालतात आणि जीन्स मऊ करायलाही हे विकर वापरतात. कापसाचा धागा जवळपास निव्वळ सेल्युलोज, म्हणून तो तिला सोपा. पऱ्हाटी म्हणजे लाकूड. आपल्याकडच्या कुडाच्या भिंतीत तुराट्यांवर शेणमातीचा लेप असतो ना, तसा इथे सेल्युलोजवर लिग्निनचा लेप आहे. तो ट्रायकोडर्माला नीट फोडता येत नाही. लॅकेज आणि मँगनीज पेरॉक्सिडेज ही विकरं सोडणाऱ्या पांढऱ्या कुजीच्या बुरशा तो फोडतात, आणि धिंगरी त्यातलीच एक.

कुटार_ते_खत
वरचं सगळं बरोबर, पण पिशव्या घाईने मिसळू नका. आधी एकेक फोडून बघा. आत पांढरं नमद्यासारखं जाळं आणि ताज्या अळिंबीचा वास असेल तर घ्या. हिरवी भुकटी दिसली तर तिथे धिंगरी हरली, ट्रायकोडर्मा जिंकला. तांबूस पाणी सुटून घाण वास येत असेल तर ती जिवाणूंची सड, अशी पिशवीही बाजूला काढा. या दोन बुरशा एकाच दिवशी एकत्र टाकल्या तर ट्रायकोडर्मा धिंगरीला गिळतो. म्हणून क्रम ठेवा: आधी पांढरी कूज, मग ट्रायकोडर्मा.

युरियाचंही तसंच. पांढऱ्या कुजीच्या काही बुरशा, विशेषतः फॅनेरोकीट, नत्र संपत आलं तरच लिग्निन फोडायला घेतात. सुरुवातीलाच युरिया पडला की त्या ढिम्म बसतात. धिंगरी याबाबतीत कमी नखरेल आहे, तरी पहिले चार आठवडे युरिया नकोच.

नवा ढीग असा करा: श्रेडरने 1 ते 2 इंच तुकडे, रात्रभर भिजवणं, मग निथळणं. मूठ आवळली की बोटांमध्ये ओल दिसावी, धार लागू नये. दहा भाग पऱ्हाटीला एक भाग चांगल्या पिशव्यांचा चुरा, थराथराने. या टप्प्यात ढीग कमरेपेक्षा उंच नको, नाहीतर तापून धिंगरी मरते. वर ओलं पोतं, जागा सावलीची. हे जानेवारी ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच जमतं, कारण धिंगरीला 25 ते 28 अंश लागतात. मार्चनंतर फॅनेरोकीटचं कल्चर घ्या, तिला 40 अंशही मानवतात. पहिले चार आठवडे झाले की मग तुमच्या टनभर पऱ्हाटीला शेण 100 किलो, युरिया 8 किलो दोन हप्त्यांत, ढीग छातीभर उंच. तापून निवला की ट्रायकोडर्मा 1 किलो.

काम झालं की नाही ते काडीच सांगते. कुजलेली काडी फिकट, हलकी, ओढली की तंतू सुटतात, मोडताना आवाज करत नाही.

पीकरोग_अकोला
तुराट्या आत्ताच बाहेर काढा. खोड उभं चिरून बघा, आत काळपट-तपकिरी रेघ दिसली तर फ्युजेरियम, म्हणजे मर रोगाची बुरशी. तो अवशेषांत तीन वर्षं टिकतो. सालीखाली कोळशाच्या भुकटीसारखे बारीक दाणे दिसले तर मॅक्रोफोमिना ही दुसरी रोगबुरशी, तो रोग सोयाबीन, हरभरा, कपाशी कोणालाच सोडत नाही. ढिगाच्या कडा तापत नाहीत, रोग तिथेच वाचतो. अशा काड्या मधोमध पुरून दोन-तीन पलट्यांत तापवता येत असतील तरच ठेवा, नाहीतर वेगळ्या जाळा.

ट्रायकोडर्माचा दुसरा उपयोग इथे आहे. कायटिनेज आणि ग्लुकॅनेज ही विकरं सोडून तो या रोगबुरशांची पेशीभिंत विरघळवतो. पण त्याच्यासोबत कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी करू नका, आधी तोच मरेल.

श्रेडर चालवताना चष्मा आणि नाकाला फडकं हवंच. काडीचा कण डोळ्यात गेला तर बुबुळावर बुरशीचा व्रण होऊ शकतो. अशा वेळी दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून घालू नका, व्रण वाढतो. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.

धुऱ्याकाठ
तुराट्या काढल्या, दोन खोडांत काळी रेघ निघाली. हातभर तुकडे परत श्रेडरमधून काढायचे की आहे त्याच ढिगात ट्रायकोडर्मा टाकून पावसाची वाट बघायची?

कुटार_ते_खत
दादा, परत काढाच. अख्ख्या काडीत बुरशी फक्त दोन टोकांतून आणि सालीतून शिरते. भिजवून श्रेडरला घातली तर पाते लवकर बोथट होत नाही आणि धूळही कमी उडते.