मदत हवी आहे: सीडर फेअरच्या विक्रीवर मत द्यावे, की कार्ड तसेच ठेवावे?

क्लीव्हलँडकर | ३ मार्च २०१०

नमस्कार. माझ्याकडे सीडर फेअर या मनोरंजन उद्याने चालवणाऱ्या अमेरिकन कंपनीची २०० युनिट्स (शेअरसारखे हिस्से) आहेत. अपोलो ही गुंतवणूक संस्था प्रति युनिट ११.५० डॉलर रोख देऊन संपूर्ण कंपनी घेणार असल्याचे १६ डिसेंबरला जाहीर झाले, हे येथे अनेकांना ठाऊक असेलच. गेल्या आठवड्यात टेलिफोन डिरेक्टरीएवढे जाड पाकीट घरी आले. त्यात विक्रीच्या ठरावावर मत देण्याचे एक कार्ड असून त्यावर तीन चौकोन आहेत: बाजूने, विरोधात, तटस्थ. १६ मार्चला सभा आहे. संचालक मंडळ बाजूने मत द्या म्हणते, तर सर्वांत मोठा युनिटधारक देऊ नका म्हणतो. या भावात माझा प्रचंड तोटा होत आहे. मी काय करावे, हे कृपया लवकर सांगावे. आर्थिक सल्लागाराला विचारा असे मात्र कोणी सुचवू नये. त्याला विचारून झाले आहे आणि त्याने तुमचे तुम्हीच ठरवा असे सांगून फोन ठेवला.

आकडेमोड | ३ मार्च २०१०

आपण प्रश्न अर्धाच मांडला आहे. युनिट्स केव्हा घेतली, कोणत्या भावाने घेतली, ती ब्रोकरकडे आहेत की आपल्या नावाच्या प्रमाणपत्रावर, आणि खाते साधे आहे की निवृत्तीचे, यांपैकी काहीच कळत नाही. 'प्रचंड तोटा' हा आकडा नव्हे.

दलाल_स्ट्रीट | ३ मार्च २०१०

मी ठाण्यात राहतो, पण असे प्रसंग तीन-चार वेळा पाहिले आहेत. माझा अनुभव असा, की ओपन ऑफर, म्हणजे कंपनी घेऊ पाहणाऱ्याचा शेअर विकत घेण्याचा देकार, आली की निम्मे शेअर द्यावेत आणि निम्मे ठेवावेत. नवा मालक कंपनी सुधारतो आणि उरलेल्या निम्म्यावर पुढे चांगला भाव मिळतो. क्लीव्हलँडकरांनी १०० द्यावीत, १०० ठेवावीत.

आकडेमोड | ३ मार्च २०१०

दलाल_स्ट्रीट, आपला अनुभव खरा असला तरी तो येथे लागू पडत नाही. आपल्याकडे सेबीच्या नियमांनुसार एखाद्याने १५ टक्क्यांची मर्यादा ओलांडली की त्याला किमान आणखी २० टक्के शेअरसाठी ओपन ऑफर द्यावी लागते, आणि ती स्वीकारायची की नाही हे प्रत्येक भागधारक स्वतःपुरते ठरवतो. सीडर फेअरच्या बाबतीत सर्वांचे मिळून एकच मतदान आहे. ठराव मंजूर झाला तर विरोध करणाऱ्याचीही सगळी युनिट्स ११.५० डॉलरने जातील. फेटाळला गेला तर बाजूने मत देणाऱ्यालाही या व्यवहारातून एक सेंट मिळणार नाही. निम्मे ठेवण्याची सोय येथे नाही.

दलाल_स्ट्रीट | ४ मार्च २०१०

सोय नाही कशी? बाजारात १०० युनिट्स आजच विकता येतात की.

आकडेमोड | ४ मार्च २०१०

ती बाजारातील विक्री झाली. प्रश्न कार्डाचा आहे.

सुट्टी_लागली | ४ मार्च २०१०

कंपनी विकली गेली तर तिच्या सीडर पॉइंट या उद्यानाचे या वर्षीचे सीझन पास चालतील का? आम्ही चौघांचे काढून बसलो आहोत, आणि धाकटीचा जीव तिथल्या स्नूपी या कार्टूनमधल्या कुत्र्यात अडकलेला आहे.

क्लीव्हलँडकर | ४ मार्च २०१०

सुट्टी_लागलीताई, मालक बदलल्याने उद्यान बंद होत नाही; पासाची काळजी नसावी. आता कृपया माझ्या प्रश्नाकडे वळू या.

आकडेमोड यांनी विचारलेली माहिती: युनिट्स २००४ मध्ये साधारण ३० डॉलरने घेतली, साध्या खात्यात आणि ब्रोकरमार्फत. त्या उन्हाळ्यात मुलाला घेऊन सीडर पॉइंटला गेलो होतो; मिलेनियम फोर्स या रोलर कोस्टरच्या रांगेत दोन तास उभे राहिल्यावर, ज्या धंद्यात माणसे पैसे देऊन इतका वेळ उन्हात उभी राहतात तो धंदा बुडणार नाही, असे मनाने घेतले. कंपनीकडून युनिटमागे रोख वाटप मात्र नियमित मिळत असे. आजवर प्रति युनिट नऊ-साडेनऊ डॉलर मिळाले असतील. आता तेही थांबलेले आहे. तीस गुणिले दोनशे म्हणजे ६,००० डॉलर घातले आणि हाती २,३०० येणार. तोटा स्पष्ट आहे. मत देऊच नये आणि तटस्थ राहावे, असे वाटू लागले आहे.

कोलंबसकाका | ५ मार्च २०१०

मी चाळीस वर्षे लेखापालाचे काम केले आहे, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली अशी, की सीडर फेअर ही सामान्य कंपनी नसून शेअर बाजारात नोंदलेली भागीदारी आहे, आणि म्हणून दरवर्षी आपल्याला डिव्हिडंडच्या कागदाऐवजी के-१, म्हणजे भागीदारीतील आपल्या वाट्याचे उत्पन्न दाखवणारा करासाठीचा कागद, येतो. भागीदारीत मिळालेले वाटप आपल्या मूळ खरेदी किमतीतून वजा होत जाते आणि करासाठी आपल्या वाट्याला दाखवलेले उत्पन्न तिच्यात मिळवले जाते. त्यामुळे आज आपली करासाठीची किंमत ३० डॉलर राहिलेली नाही. ती बरीच खाली आलेली असू शकते, आणि आपण मनात धरलेला ३,७०० डॉलरचा तोटा करविवरणात तेवढा दिसणार नाही. शिवाय विक्रीच्या वेळी काही रक्कम भांडवली नफ्याऐवजी साधे उत्पन्न म्हणून धरली जाते, आणि मागील वर्षांचे, करात वजा न करता आल्याने अडकून पडलेले तोटे असतील तर ते सगळी युनिट्स विकल्याच्या वर्षी मोकळे होतात. २००४ पासूनचे सर्व के-१ आणि खरेदीचा कागद काढून ठेवा. त्यांच्याशिवाय कोणीही हिशेब करून देऊ शकणार नाही.

दुसरी गोष्ट अशी, की ३० डॉलर विसरा. अपोलोने आपल्याला ३० ने घ्यायला सांगितले नव्हते. ११.५० डॉलर आज हातात घ्यावेत की पुढील चार-पाच वर्षांत हे युनिट त्याहून अधिक देईल असे मानावे, एवढाच प्रश्न आहे.

तिमाही | ५ मार्च २०१०

काकांच्या दुसऱ्या मुद्द्याला धरून: माझ्या मते घेऊन टाकावेत. जाहीर होण्याच्या आदल्या दिवशीच्या भावापेक्षा हा देकार पावपटीहून थोडा जास्त आहे. २००६ मध्ये या कंपनीने सीबीएसकडून पॅरामाउंटची उद्याने १.२४ अब्ज डॉलरला घेतली, आणि त्या खरेदीमुळे आज दीड अब्जाहून अधिक कर्ज डोक्यावर आहे. कर्जाचे ओझे झेपले नाही की काय होते, हे पाहायचे असेल तर गेल्या जूनमध्ये दिवाळखोरीत गेलेल्या सिक्स फ्लॅग्ज या दुसऱ्या उद्यान-कंपनीकडे पाहावे. शिवाय अधिक चांगला गिऱ्हाईक शोधण्यासाठी कंपनीला चाळीस दिवसांची मुभा होती. त्या मुदतीत कोणीही पुढे आले नाही.

उन्हाळा | ५ मार्च २०१०

मंदीच्या तळाशी, हिवाळ्यात, उद्याने बंद असताना घर दाखवल्यावर गिऱ्हाईक कोण येणार? २००९ चा हंगाम वाईट गेला म्हणून सगळ्या पुढच्या हंगामांचे मोल तेवढेच धरायचे का? अपोलोला हे कर्ज दिसत नाही असे नाही. ते फेडता येईल अशी खात्री असल्यानेच ती उरलेले सर्व स्वतःसाठी घेऊ पाहत आहे. ब्लॅकस्टोन या गुंतवणूक संस्थेनेही गेल्या ऑक्टोबरमध्ये सीवर्ल्ड आणि बुश गार्डन्सची उद्याने २.७ अब्ज डॉलरपर्यंतच्या बोलीने घेण्याचे ठरवले, ते काही दयाबुद्धीने नव्हे.

तिमाही | ६ मार्च २०१०

ती उद्याने ज्या दारूच्या कंपनीची होती तिला ती कर्ज कमी करण्यासाठी विकायची होती. तुलना बरोबर नाही.

उन्हाळा | ६ मार्च २०१०

सिक्स फ्लॅग्जची तुलना तरी कोठे बरोबर आहे? सीडर फेअर आपले व्याज भरत आहे.

आकडेमोड | ६ मार्च २०१०

आपण दोघे भाव ठरवत आहात आणि प्रश्नकर्त्याच्या शेवटच्या वाक्यातील चूक तशीच राहिली आहे. क्लीव्हलँडकर, आपण 'मत न देता तटस्थ' राहणार म्हणता. या ठरावात तसे राहताच येत नाही. मंजुरीसाठी सभेत पडलेल्या मतांच्या नव्हे, तर अस्तित्वात असलेल्या सर्व युनिट्सच्या दोन-तृतीयांश होकाराची अट आहे. न आलेले कार्ड, 'तटस्थ'वर खूण केलेले कार्ड आणि 'विरोधात'वर खूण केलेले कार्ड, तिन्हींचा परिणाम एकच. आपली युनिट्स ब्रोकरकडे असली तरी अशा विषयावर तो आपल्या सूचनेवाचून आपल्या वतीने मत देऊ शकत नाही.

आता पुढचे गणित पाहा. ठराव पाडायला एक-तृतीयांशाहून थोडी अधिक युनिट्स पुरेशी आहेत. विरोध करणाऱ्या टेक्सासच्या क्यू संस्थेकडे १८ टक्क्यांच्या आसपास आहेत. म्हणजे उरलेल्यांपैकी १५-१६ टक्क्यांनी कार्ड टेबलावर पडू दिले तरी व्यवहार बारगळतो, आणि २००-३०० युनिट्सवाले हजारो लोक नेमके तेच करतात. आपल्याला व्यवहार नको असेल तर पोस्टाचे तिकीटही खर्च करू नका. हवा असेल तर कार्ड आजच पाठवा.

दलाल_स्ट्रीट | ७ मार्च २०१०

म्हणजे गप्प बसणाऱ्याला नकार दिल्याचे धरायचे? आपल्याकडे मौन म्हणजे संमती.

कोलंबसकाका | ७ मार्च २०१०

लग्नात. येथे कागद वाचावा लागतो.

क्लीव्हलँडकर | ९ एप्रिल २०१०

उत्तर द्यायला उशीर झाला, क्षमस्व. पुढे काय झाले ते नोंदवून ठेवतो. सभा १६ मार्चवरून ८ एप्रिलवर ढकलली गेली, आणि तिच्या दोन दिवस आधी पुरेशी मते मिळत नाहीत हे दिसल्यावर दोन्ही बाजूंनी करारच रद्द केला. सीडर फेअर अपोलोला खर्चापोटी ६५ लाख डॉलर देणार आहे, ५.५ कोटींच्या आसपास युनिट्स धरली तर माझ्या वाट्याला त्यातील चोवीस डॉलरच्या आतबाहेर येतात. शिवाय कोणी एकट्याने २० टक्क्यांच्या पुढे जाऊ नये म्हणून संचालकांनी नवा अडसर घातला आहे.

माझे कार्ड फ्रिजवर चुंबकाखाली अजून तसेच आहे. बाजूने खूण केली होती, सहीसुद्धा केली होती, पाठवायचे राहिले.

कोलंबसकाका, आपण सांगितल्याप्रमाणे सर्व के-१ शोधले. २००५ पासूनचे मिळाले. २००४ चा के-१ आणि खरेदीचा कागद मिळत नाही, आणि मधल्या काळात ब्रोकर बदलला आहे. जुन्या ब्रोकरकडून सहा वर्षांपूर्वीचा कागद कसा मिळवावा, यासाठी वेगळा धागा काढू की येथेच विचारू?