स्क्रीनवर वाचलेलं तुमच्या किती लक्षात राहतं?

मोबाइलवर लांबलचक लेख वाचून होतो, पण त्यात काय होतं विचारलं की मी मोघम बोलते. २०१८ साली ५४ अभ्यासांचा एक आढावा आला, वाचक १ लाख ७० हजारांवर. माहितीपर मजकूर कागदावर थोडा अधिक समजतो, घाईत वाचताना फरक वाढतो. कथांमध्ये फरक सापडला नाही. तुमचं काय? (नव्या पुस्तकाचा वास वगैरे नको, प्लीज. आकलनाबद्दल लिहा.)

---

मुद्रितशोधन करते. शेवटचं वाचन कागदावरच. ऱ्हस्व-दीर्घ स्क्रीनवरही सापडतं. निसटतं ते वेगळंच: तिसऱ्या प्रकरणातला थोरला भाऊ नवव्यात धाकटा होतो. कागदावर आधीचा उल्लेख डाव्या पानावर, तळाशी होता हे डोळ्यांना आठवतं. स्क्रोल करताना मजकुराला ठरलेली जागाच नसते.

---

फक्त स्क्रोलला दोष नको. नॉर्वेच्या वाचन-संशोधक आन्ने मांगेन आणि सहकाऱ्यांनी ५० जणांना एकच रहस्यकथा दिली, निम्म्यांना छापील, निम्म्यांना किंडलवर (ई-पुस्तकं वाचायचं यंत्र). तिथे तर पानंच उलटतात. एकूण आकलन जवळपास सारखं, पण घटना क्रमाने लावताना किंडलवाले मागे पडले. किती वाचून झालं, किती उरलं हे हाताला कळत नाही, हे त्यामागचं एक कारण असावं असं त्यांना वाटतं.

---

कादंबऱ्या फोनवरच. नोटिफिकेशन बंद. काहीही अडत नाही.

---

माझी दृष्टी अधू आहे. छापील बारीक टाइप मला वाचताच येत नाही, मग आकलन कुठलं? अक्षर मोठं केलं, पार्श्वभूमी काळी केली की तासन्‌तास वाचतो. या तुलनांमध्ये आम्हाला सहसा कुणी धरत नाही.

---

पीडीएफ वाचताना सगळं येतंय असं वाटत राहतं, तोच धोका. आता प्रत्येक भागानंतर लॅपटॉप मिटून वहीत आठवेल तेवढं लिहिते. लिहायला लागलं की काय कळलं नव्हतं ते उघडं पडतं. छापील पुस्तकालाही हेच करते, त्यामुळे माझ्यापुरता फरक बराच कमी झालाय.

---

वकील आहे. करारात 'मुदत' शोधायला स्क्रीनच बरा. पण मुदतीला अपवाद करणाऱ्या कलमात तो शब्दच नसला तर सर्च काय करणार? म्हणून सही व्हायच्या आधी प्रिंट काढून सलग वाचतो. ई-इंकवर (किंडलसारख्या, कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्यावर) पेनने खुणा करत वाचणारं कुणी आहे का इथे? मागची कलमं चाळायला जमतं का त्यात?