मदत हवी आहे: इंग्रजीतल्या ‘राउंडेड’साठी रोजची वाक्यं

नमस्कार मंडळी, मराठी माध्यमाच्या आठवीसाठी इंग्रजी विशेषणांची सरावपत्रिका तयार होते आहे. गाडी अडली आहे ‘राउंडेड’पाशी.

‘राउंड’ सोपं: थाळी असो की चेंडू, दोन्हींना चालतं. ‘सर्क्युलर’ म्हणजे वर्तुळाकार, तेही जरा औपचारिक. म्हणून ‘द अर्थ इज सर्क्युलर’ चुकतं. तिथे ‘राउंड’, किंवा विज्ञानाच्या वहीत ‘स्फेरिकल’. ‘राउंडेड’ लावलं म्हणजे अख्खी वस्तू गोल असते असं मात्र नाही. टेबल चौकोनीच, पण कोपऱ्यांची टोकं घालवून ते वळवलेले: ‘द टेबल हॅज राउंडेड कॉर्नर्स’. मुलं इथे ‘राउंड टेबल’ लिहितात आणि टेबलाचा आकारच बदलतो.

पाककृतीत ‘अ राउंडेड टीस्पून ऑफ शुगर’ येतं. चमच्याच्या काठावर थोडा फुगवटा. सपाट ‘लेव्हल’हून जास्त, शीग लावलेल्या ‘हीप्ड’हून कमी. या मधल्या मापाला तुमच्या घरी काय म्हणतात?

दुसरं, तांब्याच्या फुगीर पोटाला ‘राउंडेड’ म्हणावं की ‘बल्बस’? ‘बल्बस’ माणसाच्या नाकाला लावलं की कुरूपतेची छटा येते, म्हणून ते मुलांच्या हाती द्यावंसं वाटत नाही.

‘राउंडेड’ची चार-पाच साधी वाक्यं सुचवा, शक्यतो स्वयंपाकघर, वर्ग, मैदान यांतली. एखाद्यात विशेषणांचा क्रमही यावा: आधी आकारमान, मग आकार, मग रंग, जसं ‘अ बिग राउंड रेड बॉल’. ‘वेल-राउंडेड’सारखे लाक्षणिक वापर सध्या नकोत.