मांजर उपाशी ठेवली की उंदीर मारते? कोणी सांगितलं!

नौपाडेकर: काल घणसोलीकरांनी लिहिलं की सोसायटीतल्या मांजरांना खायला घालणं बंद करा, भूक लागली की उंदीर मारतील, फारच दया आली तर दूधपोळी द्या. वाचून डोकंच फिरलं. अहो मांजराची भूक वेगळी आणि शिकारीची ओढ वेगळी. पोट भरलेली असली तरी समोर काही हललं की झडप घालतेच, फक्त खात नाही, मारून दारात आणून टाकते. उपाशी ठेवलीत तर आधी कचऱ्याचा डबा उपसेल. आणि दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, जुलाब होतात. पोळीत टॉरिन नसतं, मांजराला लागणारं हे पोषकद्रव्य मांसमासळीतून मिळतं, नाही मिळालं तर डोळे जातात (हे १९७५ लाच सिद्ध झालं) आणि हृदय निकामी होतं (हे १९८७ ला).

घणसोली_सी_विंग: आमच्या आजीची भाटी जुन्नरला दहीभातावर कितीतरी वर्षं जगली, कसलं टॉरिन न कसलं काय. इथे तुम्ही लोक पार्किंगमध्ये खाऊ ओतता, मांजरं गाड्यांवर लोळतात आणि उंदीर माझ्या गाडीच्या वायरी कुरतडतात. खर्च देणार का?

नौपाडेकर: आजीच्या भाटीने दिवसभर शेतात उंदीर, पाली, नाकतोडे खाल्ले असणार, दहीभात वरचा. तुम्ही फक्त ताटली बघितलीत.

नेरूळ_पक्षीवेडी: उंदरांचं राहू द्या. माझ्या गॅलरीत शिंजिराने घरटं केलं होतं, शेजारच्या बोक्याने पिल्लं नेली. पोट भरलं तरी मारतात हे तुम्हीच म्हणताय ना, मग मोकळी सोडता कशाला?

खारघरचा_रव्या: बोक्याने कबुतरं न्यावीत, मी हार घालीन! आईला कबुतरांच्या विष्ठेने फुप्फुसाचा आजार झाला, डॉक्टरांनी खिडक्या बंद ठेवायला सांगितल्या, आणि वरच्या मजल्यावरचे रोज सकाळी दाणे फेकतात. २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना बंद केला तरी ह्यांना अक्कल येत नाही.

पाचपाखाडी_४०२: दाणे घालणं आमच्याकडे वाडवडिलांपासून चालत आलंय. तुम्ही बांगड्याची डोकी जिन्यात टाकता तेव्हा वास कोणाच्या घरात येतो?

खारघरचा_रव्या: वास तासाभरात जातो. माझी आई रात्रभर खोकते. एकदा घरी येऊन बघा, मग वाडवडील सांगा.

पाचपाखाडी_४०२: आईंचं ऐकून वाईट वाटलं. पण आवाज खाली ठेवा.

घणसोली_सी_विंग: अरे मांजरांवर या! चला, दूध बंद करतो, तेवढं मानलं. पण आमच्या गटारातल्या घुशींना बघून तुमची मांजरं वळसा घालून जातात, त्याचं काय?

नौपाडेकर: जाणारच, घूस अंगावर घेणं मांजराला परवडत नाही. न्यूयॉर्कच्या एका कचरा केंद्रात कॅमेरे लावून बघितलं होतं, २०१८ ला छापून आलंय, मांजरं फिरत होती तरी मोठे उंदीर फार थोडे मेले, बाकीचे नुसते लपून राहिले. म्हणून तर सांगतेय, उंदरांचा बंदोबस्त मांजराच्या पोटावर ढकलू नका. ओला कचरा रात्री उघडा ठेवता, तो झाका. आणि पक्षीवेडी ताई, तुमचं पटतं, विणीच्या दिवसांत तरी बोक्यांना घरात ठेवायला हवं, मी आमच्या ग्रुपवर टाकते.

नेरूळ_पक्षीवेडी: टाका. आणि नसबंदीचंही टाका, पिल्लावळ वाढत राहिली तर किती जणांना घरात कोंडणार.

घणसोली_सी_विंग: डब्यांना झाकणं मी मीटिंगमध्ये मागतो. पार्किंगमधलं खाणं मात्र उचला, गाडी माझी आहे.

नौपाडेकर: खाऊन झालं की ताटली उचलीन. खाणं बंद होणार नाही.