पिवळा की पांढरा, हा फक्त सौंदर्याचा वाद नाही

मरीन ड्राइव्हवर २०१५ मध्ये रस्त्यावरचे पिवळे सोडियमचे दिवे काढून पांढरे एलईडी बसवल्यावर झालेली ओरड म्हणजे 'जुन्या आठवणींचा हळवेपणा', नव्या दिव्यांनी वीज वाचते, असं काही जण म्हणतात. वीज वाचते हे मान्यच, पण बाकी पटलं नाही. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; आकडा कमी तितका प्रकाश पिवळा, जास्त तितका पांढरा-निळसर. सोडियमच्या दिव्याचा रंग साधारण २००० केल्विनचा, आणि सर्रास बसवले जाणारे एलईडी ४००० किंवा त्याहून जास्त. त्यात निळा भाग बराच असतो आणि उतारवयातल्या डोळ्यांत तो जास्त विखुरतो. मोतीबिंदू असलेल्या माझ्या आईला आमच्या गल्लीतले नवे दिवे लागल्यापासून समोरून येणारी रिक्षा नीट दिसत नाही. ती संध्याकाळची देवळात जायची, ते बंद झालं.

कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस शहरानं २०१४ मध्ये असेच ४००० केल्विनचे दिवे लावले आणि तक्रारींचा पाऊस पडला. मग काही रस्त्यांवर वेगवेगळे नमुने लावून रहिवाशांचं मत घेतलं, आणि आधी बसवलेल्या दिव्यांच्या जागी २७०० केल्विनचे लावले. तेही एलईडीच, म्हणजे बचत फारशी गेली नाही. हा खर्च दुसऱ्यांदा झाला, कारण चाचणी उशिरा झाली. आपल्याकडे निविदेत वॅट लिहितात तसा केल्विनचा आकडाही लिहायला हवा, आणि आधी दोन-तीन गल्ल्यांत लावून तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारायला हवं.