पाल डीव्हीडीचा हिंदी आवाज ब्लू-रेच्या चित्राला: आवाज संथ करायचा की चित्र पळवायचं?

नौपाडा_५७६
स्वतः विकत घेतलेल्या डिस्कबद्दलच बोलतोय. इंग्रजी चित्रपटांच्या आपल्याकडच्या डीव्हीडीवर हिंदी डब असतो, त्याच चित्रपटाच्या ब्लू-रेवर अनेकदा नसतो. घरातल्या वयस्कर मंडळींना चित्रही चांगलं हवं आणि भाषाही कळायला हवी, तर डीव्हीडीचा ट्रॅक काढून ब्लू-रेला जोडावा लागतो. डीव्हीडी पाल (भारत-युरोपातली जुनी टीव्ही पद्धत) असली की घोळ वेगाचा. ब्लू-रे सेकंदाला २३.९७६ फ्रेम, पाल २५. दोन तासांचा चित्रपट पालवर १ तास ५५ मिनिटं ५ सेकंदांत आटपतो. ट्रॅक तसाच लावला तर पहिल्या मिनिटाअखेरच आवाज अडीच सेकंद पुढे.

माझं मत स्पष्ट आहे: आवाजाला हात लावू नका. एमकेव्हीटूलनिक्समध्ये (चित्र-आवाजाचे ट्रॅक एका फाईलमध्ये जोडणारं सॉफ्टवेअर) व्हिडिओ ट्रॅकचा डिफॉल्ट एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) '२५पी' करा. फ्रेम त्याच राहतात, फक्त टाइमस्टॅम्प (कुठली फ्रेम कधी दाखवायची त्या वेळा) बदलतात, काम पाच मिनिटांचं. डीव्हीडीचा एसी-३ (डॉल्बी पद्धतीने दाबलेला आवाज) आधीच जास्तीत जास्त ४४८ केबीपीएसमध्ये दाबलेला असतो. तो उघडून पुन्हा दाबणं म्हणजे उरलंसुरलं घालवणं.

ऐरोली_मिक्सर
अजिबात पटलं नाही. ज्याला तुम्ही 'हात न लावलेला' आवाज म्हणताय, त्याला पाल करतानाच हात लागलाय. वेग ४ टक्क्यांहून जास्त वाढवला की सूरही चढतो, साधारण ७० सेंट. पेटीवर काळी-पांढरी मिळून शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये १०० सेंटचं अंतर असतं, म्हणजे जवळजवळ पाऊण पट्टी. भारदस्त आवाजाचा माणूस पातळ ऐकू येतो, पार्श्वसंगीत उतावळं वाटतं. आणि चित्र २५ वर नेलंत की ब्लू-रेचा मूळ इंग्रजी ट्रॅक निकामी. 'स्ट्रेच' हा पर्याय चित्राला आणि सबटायटलला चालतो, आवाजासाठी तो वापरू नका असं एमकेव्हीटूलनिक्सच्या माहितीपुस्तिकेतच लिहिलंय.

योग्य मार्ग असा. मेकएमकेव्हीने (डिस्कवरून फाईल काढणारं सॉफ्टवेअर) पूर्ण टायटल, म्हणजे अख्खा चित्रपट, काढा. डिस्कच्या व्हिडिओ_टीएस फोल्डरमधल्या १ जीबीच्या व्हीओबी (चित्र-आवाजाच्या) फायली हाताने जोडत बसू नका, कुठली फाईल कुठे सुरू होते हे आयएफओ नावाची सूचीची फाईल ठरवते. हिंदी ट्रॅक एमकेए डब्यातच (आवाजाची फाईल, वेळेची नोंदही ठेवणारी) ठेवा. नुसता एसी-३ काढलात की सुरुवातीचा डिले (चित्र आणि आवाज सुरू होण्यातला फरक) हरवतो आणि मग तो अंदाजाने शोधत बसावं लागतं. एफएफएमपेगमध्ये (कमांडने चालणारं रूपांतराचं सॉफ्टवेअर) 'एसेटरेट' (आवाज किती वेगाने वाजवायचा) ४६०३४, त्यानंतर 'एरीसॅम्पल' (पुन्हा नेहमीच्या दरावर आणणं) ४८०००. वेग आणि सूर एकत्रच खाली येतात, मूळ जागी. शेवटी ६४० केबीपीएस एसी-३ करा. एकदा पुन्हा दाबल्याची ही झीज साउंडबारवर कानाला कळत नाही. पाऊण पट्टी चढलेला सूर मात्र कळतो.

घोडबंदर_५०हर्ट्झ
ऐरोली, एक गोष्ट राहिली. काही पाल डिस्क बनवतानाच सूर दुरुस्त केलेला असतो. तिथे एसेटरेट वापरलंत तर सूर उलट पाऊण पट्टी खाली बसेल. अशा ट्रॅकला 'एटेम्पो' ०.९५९०४ द्यायचं, म्हणजे वेग उतरतो आणि सूर राहतो. ओळखायची रीत सोपी: संवाद नसलेला संगीताचा तुकडा डीव्हीडीवर आणि ब्लू-रेवर लागोपाठ ऐका.

पण मी नौपाड्याच्या बाजूने आहे. आपल्याकडचे टीव्ही ५० हर्ट्झवरही (सेकंदाला ५० चित्रं) चालतात, २५ फ्रेमचं चित्र त्यावर सरळ दुप्पट होतं, धक्का बसत नाही.

ऐरोली_मिक्सर
टीव्ही चालतो हो, पण अँड्रॉइड बॉक्स ६० हर्ट्झवर अडकलेला असतो. ऑटो फ्रेम रेट (चित्रपटानुसार हा वेग आपोआप बदलण्याची सोय) बंद असेल तर कॅमेरा आडवा फिरला की २५ फ्रेमचं चित्र अडखळतं. सूर दुरुस्तीचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य.

कोपरी_वेव्हफॉर्म
दोघंही वेगावर भांडताय, खरी माती कटमुळे होते. आपल्या डीव्हीडीवर सेन्सॉरने कापलेली आवृत्ती असू शकते आणि बाहेरच्या ब्लू-रेवर पूर्ण. वेग कितीही बरोबर असला तरी कटपाशी आवाज उडी मारणारच. फरक हळूहळू वाढत असेल तर वेग चुकलाय, एकदम पडला असेल तर कट आहे.

जुळवताना संवाद पाहूच नका, डबचे ओठ कधीच नीट जुळत नाहीत. दार आपटणं, गोळी, काच फुटणं हे इफेक्ट दोन्ही भाषांत तेच असतात. ऑडॅसिटी या आवाज-संपादकात हिंदी आणि इंग्रजी एकाखाली एक ठेवा आणि अशी पाच-सहा टोकं जुळवा, दर वीस मिनिटांना एक. जिथे कट सापडेल तिथे शांतता भरू नका, इंग्रजी ट्रॅकचा तेवढाच तुकडा लावा.

एनटीएससी (अमेरिकेतली जुनी टीव्ही पद्धत) डीव्हीडी असेल तर हा वेगाचा सगळा वादच नाही. ४८० ओळी आणि २९.९७ दिसलं तर चित्रपटाचा मूळ वेग सहसा तोच असतो, फक्त डिले द्यायचा. आपल्याकडच्या कितीतरी चित्रपट-डीव्हीडी एनटीएससीच आहेत. म्हणून आधी मीडियाइन्फो (फाईलची तांत्रिक माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा.

नौपाडा_५७६
पण एसी-३ न उघडता कापला तर ३२ मिलिसेकंदांच्या टप्प्यानेच कापता येतो. तुमच्या पद्धतीत तरी अचूकता कुठे आहे?

कोपरी_वेव्हफॉर्म
जवळच्या टप्प्यावर कापलं की चूक जास्तीत जास्त १६ ची. गडकरी रंगायतनमध्ये नटापासून ११ मीटरवर बसलात तर आवाज पोचायला ३२ मिलिसेकंद लागतात, आणि तिथे कुणी कुरकुरत नाही. आवाज चित्राच्या पुढे ४५ च्या आसपास गेला की खटकायला लागतं, मागे राहिला तर १२५ पर्यंत निभावतं. म्हणून शंका असेल तेव्हा आवाज किंचित मागे ठेवा.

वाशी_सेक्टर१७
कायद्याचं इथेच लिहून ठेवते, कारण 'माझी डिस्क, मी काहीही करीन' असं सर्रास म्हटलं जातं. कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम ५२(१)(अ) खासगी वापरासाठी न्याय्य वापराला मुभा देतं. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५अ प्रमाणे हक्कभंगाच्या हेतूने डिस्कचं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हेतू हा शब्द महत्त्वाचा. जोडलेली फाईल सोसायटीच्या ग्रुपवर टाकलीत की ती खासगी राहिली नाही. डिस्कही विकू नका, प्रत ठेवायची तर मूळ डिस्क घरात हवी.

नौपाडा_५७६
हे मान्य. सुराबद्दलही ऐरोलींचं ऐकतो, पण सूर दुरुस्त केलेल्या डिस्कसाठी मी २५पी सोडणार नाही. तिथे आवाज खरोखरच जसाच्या तसा राहतो. एक विचारतो: ०.९५९०४ ऐवजी सरळ ०.९६ दिलं तर काय बिघडतं?

ऐरोली_मिक्सर
दोन तासांत ७.२ सेकंद. ०.९६ हे नेमक्या २४ फ्रेमच्या ब्लू-रेसाठी. बहुतेक ब्लू-रे २३.९७६ च्या आहेत, पण २४.००० च्याही सापडतात, म्हणून मीडियाइन्फोत दशांशानंतरचे तिन्ही आकडे वाचा. २४.००० असेल तर एसेटरेटही ४६०८० द्यायचा. आणि जुळवणी तपासायची ती शेवटच्या दहा मिनिटांत, सुरुवातीला सगळंच जुळलेलं दिसतं.